ट्रॅक्टरच्या ब्रेकची दोन पेडले : शेतात वेगळी, रस्त्यावर जोडलेली

सकाळी नांगरटीला वापरलेला ट्रॅक्टर दुपारी ट्रेलर जोडून ऊस, कांदा किंवा शेणखत वाहण्यासाठी रस्त्यावर काढला जातो. या दोन कामांत ब्रेक वेगवेगळ्या रीतीने वापरावे लागतात. याकडे दुर्लक्ष झाल्यास ट्रॅक्टर उलटून जीवघेणा अपघात होऊ शकतो.

दोन पेडले कशासाठी?

बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. डाव्या पेडलाने डाव्या चाकाचा, उजव्या पेडलाने उजव्या चाकाचा ब्रेक लागतो. शेताच्या टोकाला वळताना आतल्या बाजूच्या चाकाचा ब्रेक दाबला की ते चाक थांबते, बाहेरचे फिरत राहते आणि ट्रॅक्टर थोड्या जागेत वळतो. ही सोय फक्त शेतातील कमी वेगासाठी आहे. रस्त्यावर वेगात एकच पेडल दाबले गेले तर ट्रॅक्टर एका बाजूला झटक्याने ओढला जातो, मागून भरलेला ट्रेलर ढकलतो आणि ट्रॅक्टर उलटतो. म्हणूनच दोन्ही पेडले जोडणारा खटका दिलेला असतो.

पायाचा जोर चाकापर्यंत कसा पोहोचतो?

काही ट्रॅक्टरमध्ये पेडलाचा जोर लोखंडी दांड्यांनी ब्रेकपर्यंत जातो. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये हे काम मास्टर सिलिंडर करतो. उदाहरणार्थ, पायाचा जोर २० किलो व पेडलाची तरफ पाचपट असेल, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो जोर पडतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ २ चौ. सें.मी. असल्यास तेलात दर चौ. सें.मी.ला ५० किलो दाब तयार होतो. चाकाकडील दट्ट्या १० चौ. सें.मी.चा असेल तर तेथे ५०० किलो जोर मिळतो. नळीत हवा शिरली तर ती दबते आणि हा जोर वाया जातो.

येथे एक गैरसमज दूर करावा. ज्याला आपण 'ऑइल ब्रेक' म्हणतो, त्यात ब्रेकच्या चकत्या तेलात बुडालेल्या असतात. असा ब्रेक हायड्रॉलिक असेलच असे नाही. ते तेल आणि मास्टर सिलिंडरचे तेल यांची अदलाबदल करू नये. चुकीच्या तेलाने रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतो. कोणते तेल वापरावे, हे ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

तपासणी कशी करावी?

१) दोन्ही पेडलांची मोकळी चाल सारखी आहे का, ते पाहावे. तिचे माप माहितीपुस्तिकेप्रमाणे ठेवावे.

२) ट्रेलर सोडून, खटका लावून, मोकळ्या सपाट जागेत ट्रॅक्टर हळू चालवून ब्रेक दाबावा. ट्रॅक्टर एका बाजूला ओढत असल्यास दोन्ही ब्रेक सारखे जुळवून घ्यावेत.

३) हायड्रॉलिक ब्रेकचे पेडल स्पंजासारखे लागत असल्यास नळीत हवा आहे असे समजावे व ती काढून घ्यावी.

४) पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असल्यास तेलाची गळती शोधावी. बाहेर गळती दिसत नसेल तर मास्टर सिलिंडरचे सील खराब झाले असण्याची शक्यता असते.

५) टाकीतील तेल वारंवार कमी होत असल्यास नुसते भरत राहू नये, गळती बंद करावी.

रस्त्यावर घ्यावयाची काळजी

वेग दुप्पट झाला की थांबण्यासाठी ब्रेक लावल्यापासून सुमारे चौपट अंतर लागते. अनेक ट्रेलरना स्वतःचे ब्रेक नसतात, त्यामुळे सर्व भार ट्रॅक्टरच्या ब्रेकवर येतो. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर ट्रॅक्टर न्यूट्रल करू नये, क्लच दाबूनही चालवू नये.

ट्रॅक्टर भाड्याने दिलेला असो वा चालकाच्या हाती असो, खटक्याची सवय लावण्याची जबाबदारी मालकाची आहे. शेतातून रस्त्यावर चढण्यापूर्वी ट्रॅक्टर थांबवावा, खटका लावावा, दोन्ही पेडले एकत्र खाली जातात याची खात्री करावी आणि मगच पुढे निघावे.