चालण्यापासून धावण्याकडे : पाय दुखण्याचा अर्थ

शाळेच्या कामातून थोडा वेळ काढून प्रकृतीसाठी रोज फिरावयास जाणारे शिक्षक पुष्कळ गावांतून दिसतात. चालणे अंगवळणी पडले, की त्यांपैकी कित्येकांच्या मनात धावण्याची हौस उत्पन्न होते. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात दोन किलोमीटर धावणे होते. त्या वेळी विशेष काही जाणवत नाही. परंतु दुसऱ्या दिवशी उठताना पोटऱ्या भरून आलेल्या असतात आणि शाळेच्या पायऱ्या उतरताना मांड्या साथ देत नाहीत. मग ‘हे आपल्या वयाला मानवणारे नव्हे’ असा निष्कर्ष निघतो व धावणे तेथेच संपते.

याच्या उलट उदाहरणही त्याच गावात असते. आपल्याच शाळेतून शिकून गेलेला एखादा तरुण पोलीस भरतीची तयारी करीत असतो. त्या परीक्षेत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागते. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी दुखू लागले असूनही, संधी हुकेल या भीतीने तो ते लपवितो, रोज धावतो आणि ऐन परीक्षेच्या दिवशी लंगडतो.

पहिल्याने निरुपद्रवी दुखणे इजा मानले. दुसऱ्याने इजा निरुपद्रवी मानली. दोघांचे नुकसान एकाच अज्ञानातून झाले. यास्तव पायांचे दुखणे ओळखावे कसे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

चालणे व धावणे यांतील भेद

धावणे म्हणजे केवळ जलद चालणे, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. चालताना एक ना एक पाऊल सदैव जमिनीवर टेकलेले असते. धावताना मात्र दोन्ही पावले जमिनीपासून सुटली आहेत असा एक क्षण प्रत्येक ढांगेत येतो, आणि पुढच्याच क्षणी सर्व शरीर एका पायावर उतरते. चालताना पायावर येणारा भार शरीराच्या वजनाहून थोडासाच अधिक असतो. धावताना तो वजनाच्या दुपटीहून अधिक होतो. म्हणजे ६० किलो वजनाच्या मनुष्याचा पाय प्रत्येक पावलागणिक १२० किलोंहून अधिक भार झेलतो. सावकाश धावणारा मनुष्य एका किलोमीटरात अशी हजारावर पावले टाकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. नियमित व्यायामाने हृदय व श्वास काही आठवड्यांतच सुधारू लागतात. स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा व स्वतः हाडे यांना मात्र बळकट होण्यास कित्येक महिने लागतात. दम टिकू लागला म्हणजे पायही तयार झाले, असे समजू नये. बहुतेक इजा या फसवणुकीतूनच होतात.

पाय का भरून येतात

जिना चढताना मांडीचे स्नायू आखडून आपल्याला वर उचलतात. जिना उतरताना, किंवा धावताना पाऊल टेकते तेव्हा, तेच स्नायू भार धरून ठेवीत हळूहळू लांबतात. माडीवरून धान्याचे पोते दोराने सावकाश खाली सोडणारा मनुष्य जसा दोर सोडतो आणि रोखूनही धरतो, तसेच हे काम असते. सवय नसताना ते फार झाले, म्हणजे स्नायूंच्या तंतूंना अतिसूक्ष्म चिरा पडतात. त्या भरून निघत असताना किंचित सूज येते व स्नायू हळवे होतात. पायऱ्या उतरताना दुखणे अधिक का जाणवते, हे यावरून ध्यानी येईल.

स्नायूंत साचलेल्या आम्लामुळे पाय दुखतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु ते आम्ल व्यायामानंतर तासाभराच्या आसपास निघून जाते. दुखणे मात्र दुसऱ्या दिवशी सुरू होते. स्नायूंतील सूक्ष्म इजा हे या दुखण्याचे कारण असावे, असा विचार थिओडोर हफ या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०२ सालीच मांडला होता.

हे दुखणे साधारणतः एक ते तीन दिवसांत शिगेला पोहोचते व आठवड्याच्या आत नाहीसे होते. विशेष हे, की ते ओसरल्यावर तेवढेच श्रम पुन्हा केले असता पुष्कळच कमी दुखते. म्हणून असे दुखणे धावणे सोडण्याचे कारण नव्हे. मात्रा कमी करून पुन्हा आरंभ करावा, एवढीच त्याची सूचना असते.

बेताने वाढ

अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचे धावण्याचे प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ साली न्यूझीलंडला गेले होते. तेथे आर्थर लिडियार्ड यांच्या प्रेरणेने सामान्य स्त्रीपुरुष एकत्र जमून सावकाश धावत असत. उत्तम धावपटू घडविणाऱ्या बॉवरमन यांची त्यांच्याबरोबर धावताना दमछाक झाली. सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाने त्यांना सोबत केली. मायदेशी परतल्यावर त्यांनी हा व्यायाम लोकांत रुजविला व १९६७ साली एका हृदयरोगतज्ज्ञाच्या सहकार्याने त्यावर पुस्तक लिहिले. थोडे धावणे, थोडे चालणे व सावकाश वाढविणे, हेच त्या पद्धतीचे मर्म होय.

आपल्याकडे पुढील क्रम ठेवता येईल. पहिले दोन आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, केवळ ३० मिनिटे झपझप चालावे. त्यानंतर आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, दुडक्या चालीने धावावे. इतर दिवशी चालावे.

तिसरा व चौथा आठवडा : १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे, असे ८ वेळा.
पाचवा व सहावा आठवडा : २ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे ६ वेळा.
सातवा व आठवा आठवडा : ३ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे ५ वेळा.
नववा व दहावा आठवडा : ५ मिनिटे धावणे, २ मिनिटे चालणे, असे ४ वेळा.

आरंभी व शेवटी पाच-पाच मिनिटे चालावे. पाय दुखत असल्यास त्याच आठवड्याचा क्रम पुन्हा करावा. त्यात कमीपणा नाही. घड्याळ जवळ नसल्यास रस्त्याकडेच्या विजेच्या खांबांवरूनही प्रमाण राखता येते. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच वेग असावा. धापेमुळे वाक्य तुटू लागले, की वेग कमी करावा. पहिले काही आठवडे उतार टाळावा.

दुखत असता काय करावे

पाय भरून आले असता अंथरुणात पडून राहण्यापेक्षा सावकाश चालणे बरे. त्याने आखडलेपण कमी होते. कोमट पाण्याने आंघोळ केल्याने अथवा हलक्या हाताने तेल लावल्याने आराम वाटतो. जोराने रगडू नये. व्यायामापूर्वी अंग ताणल्याने हे दुखणे फारसे टळत नाही. सावकाश वाढ हाच खरा उपाय होय. वेदनाशामक गोळी घेऊन धावणे तर सर्वथा टाळावे, कारण त्याने शरीराची सूचनाच झाकली जाते.

थांबण्याच्या खुणा

साधे दुखणे दोन्ही पायांत, स्नायूंच्या मांसल भागात पसरलेले असते व दिवसागणिक कमी होते. इजेचे दुखणे बहुधा एकाच पायात, एका बोटाने दाखविता येईल अशा जागी, सांध्यात अथवा हाडावर असते. ते धावताना वाढते, लंगडावयास लावते, आणि हाडाची इजा असल्यास रात्री विश्रांतीतही ठणकते. अशा वेळी धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे. एकाच पायाची पोटरी सुजली, छातीत दुखले, भोवळ आली, किंवा तीव्र अंगदुखीबरोबर लघवी चहाच्या रंगाची झाली, तर विलंब न लावता दवाखाना गाठावा. मधुमेह, रक्तदाब वा हृदयविकार असणाऱ्यांनी आरंभापूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्रात सल्ला घ्यावा.

गावातील तरुण अडचणीच्या वेळी आपल्या जुन्या गुरुजींकडे व बाईंकडे विश्वासाने येतात. पहाटे रस्त्यावर धावणारा माजी विद्यार्थी दिसल्यास, ‘किती धावलास?’ या प्रश्नाबरोबरच ‘कोठे दुखते? बोटाने दाखव’ असेही विचारावे. त्याने एकाच जागी बोट ठेवले, तर त्याला काही दिवस थांबवून डॉक्टरांकडे धाडावे. वेळीच घेतलेल्या विश्रांतीने काही दिवसच जातात. दुखणे लपविल्याने मात्र सर्व वर्ष जाऊ शकते.