संगणकाची निद्रावस्थेतून जागृती : विलंबाची कारणे व उपाय

प्रस्तावना
वापरात नसलेला संगणक निद्रावस्थेत ठेवणे हा वीजबचतीचा सोपा मार्ग होय. मात्र जागृतीस वेळ लागत असेल, तर वापरकर्ता ही सोय टाळतो व संगणक दिवसभर चालूच ठेवतो. म्हणजेच जागृतीचा काळ कमी करणे हा ऊर्जाबचतीचाही प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

निद्रावस्थेचे स्वरूप
इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या कंपन्यांनी १९९६ मध्ये 'एसीपीआय' हे मानक प्रसिद्ध केले. त्यातील 'एस-३' अवस्थेत प्रोसेसरचा वीजपुरवठा थांबतो, परंतु रॅमला वीज मिळत राहते. त्यामुळे अपुरे काम रॅममध्ये जसेच्या तसे राहते. 'एस-४' अवस्थेत रॅममधील माहिती डिस्कवर उतरवली जाते. ही पद्धत वीज खंडित झाली तरी सुरक्षित असते, पण तिच्यात जागृतीस अधिक वेळ लागतो.

विलंबाचे मूळ
एस-३ मधून परतताना प्रथम फर्मवेअर व नंतर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, काम हाती घेतो. त्यानंतर प्रत्येक उपकरण पूर्वस्थितीत आणावे लागते. ही कामे एकामागून एक केल्यास लागणारा काळ सर्व उपकरणांच्या वेळांच्या बेरजेइतका होतो. फिरत्या हार्ड डिस्कला पूर्ण वेग गाठण्यास काही सेकंद लागतात व तोवर तिच्यामागील उपकरणे खोळंबतात.

उपाययोजना
काही उपकरणे परस्परावलंबी असतात. उदाहरणार्थ, यूएसबी नियंत्रक जागा झाल्याशिवाय त्याला जोडलेले उपकरण जागे करता येत नाही. परंतु ज्यांचा परस्परांशी संबंध नाही, ती उपकरणे एकाच वेळी जागी करता येतात. २०१० मध्ये लिनक्सच्या २.६.३४ या आवृत्तीत अशी सोय झाली. त्यामुळे एकूण काळ बेरजेवर नव्हे, तर परस्परावलंबी उपकरणांच्या सर्वांत संथ साखळीवर ठरू लागला.

तरीही हार्ड डिस्कची अडचण शिल्लक होती. २०१४ मधील ३.१५ या आवृत्तीत डिस्क सिद्ध होण्याची वाट न पाहता उर्वरित जागृती पूर्ण करण्याची व्यवस्था आली. डिस्क पार्श्वभूमीवर वेग घेते आणि दरम्यान आलेल्या मागण्या रांगेत थांबतात. डिस्कचा वेग तोच राहिला. बदलली ती केवळ प्रतीक्षेची जागा.

मर्यादा
पडदा उजळला म्हणजे संगणक पूर्णतः सिद्ध झाला असे नव्हे. ज्या प्रोग्रॅमला डिस्कवरील माहिती हवी असते, त्याला थांबावेच लागते. फिरणारे भाग नसलेल्या एसएसडीमुळे ही अडचण बरीच कमी झाली आहे. अलीकडील अनेक लॅपटॉपमध्ये एस-३ ऐवजी प्रोसेसर अतिअल्प विजेवर सुस्त ठेवण्याची पद्धत असते. तिच्यात जागृती शीघ्र होते. परंतु पार्श्वभूमीवरील कामे चालू राहिल्यास बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरू शकते.

निष्कर्ष
जागृतीची गती केवळ यंत्राच्या सामर्थ्यावर अवलंबून नसते. कोणत्या कामासाठी कोणी थांबणे खरोखर आवश्यक आहे, याचा विवेक केल्यास जुन्या यंत्रावरही विलंब घटवता येतो.