नाव एक, केडगावे दोन : मराठी संकेतस्थळांची साधने आणि शिस्त

संकेतस्थळे घडवण्याची साधने झपाट्याने बदलतात, त्यामागची कार्यशिस्त मात्र फारशी बदलत नाही. आणि मराठी वाचकांसाठी तयार होणाऱ्या संकेतस्थळाचा दर्जा मुख्यतः या शिस्तीवरच ठरतो. अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीतील, पुणे रस्त्यावरचे आणि रेणुकामातेच्या मंदिरामुळे परिचित असलेले केडगाव हे या संदर्भात अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. याच नावाचे दुसरे गाव पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात असून तेथे रेल्वेस्थानकही आहे. शिवाय २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाल्यामुळे पहिल्या केडगावाचा पत्ता, गाव जागचे न हलता, बदलला.

ज्या संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये, म्हणजे माहितीच्या सुसूत्र साठ्यात, गावाची ओळख केवळ नावावरून ठरवलेली असते, तेथे एका केडगावाची मागणी दुसऱ्याकडे जाण्याचा आणि नामांतरानंतर जुन्या नोंदी हरवल्यासारख्या होण्याचा धोका असतो. म्हणून प्रत्येक स्थळाला न बदलणारा संकेतांक द्यावा आणि नाव हे त्या संकेतांकाला जोडलेले, बदलता येणारे लेबल मानावे, ही या व्यवसायातील पायाभूत सवय होय. सातबाऱ्यावर मालकाचे नाव बदलले तरी जमीन गट क्रमांकावरून ओळखली जाते, तसेच हे आहे. केंद्र शासनाच्या ‘लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी’त जिल्हा, तालुका आणि गाव यांना असे संकेतांक दिलेले असल्याने ते नव्याने शोधून काढावे लागत नाहीत.

नाव एकाच ठिकाणी नोंदवलेले असेल, तर नामांतर हे किरकोळ काम ठरते. ते शेकडो फायलींमध्ये विखुरलेले असेल, तर कोणती फाईल कोणी, कधी आणि कशासाठी बदलली याचा माग ठेवणे अपरिहार्य होते. हे काम ‘गिट’ ही आवृत्ती-नियंत्रण प्रणाली करते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्सच्या विकासासाठी ती तयार केली. तिच्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते, चुकलेला बदल मागे घेता येतो आणि अनेकांना एकाच वेळी स्वतंत्र शाखांवर काम करता येते. मात्र बदल लहान ठेवून त्याचे कारण स्पष्ट शब्दांत लिहिण्याची सवय नसेल, तर या सोयीचा निम्मा लाभ वाया जातो.

मराठी संकेतस्थळांची दुसरी कसोटी लिपीची आहे. पूर्वीच्या अनेक फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकार बसवलेले असत, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसे. युनिकोड या जागतिक प्रमाणाने देवनागरीला स्वतंत्र संकेत दिले, तरी काही अडचणी उरल्या. ‘ऱ्य’ हे जोडाक्षर एकापेक्षा अधिक संकेतक्रमांनी लिहिता येते. ते डोळ्यांना सारखे दिसले तरी संगणकाला भिन्न वाटतात आणि शोध निष्फळ ठरतो. असे पर्यायी क्रम साठवतानाच एकरूप करून घेणे हा त्यावरचा उपाय आहे. वर्णक्रमाचेही तसेच आहे: युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो; म्हणून गावांची यादी केवळ संकेतांच्या क्रमाने न लावता मराठीचा वर्णक्रम जाणणारी सोय वापरावी लागते.

मांडणीतही अशीच दक्षता लागते. रोमन लिपीसाठी योजलेले अक्षरांमधील वाढीव अंतर देवनागरीत शिरोरेषा तोडते आणि ओळींची तोकडी उंची वरच्या-खालच्या मात्रांची गर्दी करते. पानाची भाषा मराठी असल्याचे संकेतांत नोंदवल्यास तशी सोय असलेले फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे दाखवतात. युटीएफ-८ या प्रचलित संकेतन पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात आणि फॉन्टची फाईलही जोडाक्षरांमुळे बरीच मोठी असू शकते. त्यामुळे ती संकुचित रूपात पाठवणे मोबाइलवरच्या वाचकाच्या हिताचे असते. पडद्याच्या आकारानुसार स्वतःला जुळवून घेणाऱ्या मांडणीला ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह’ हे नाव दिले; आज ती प्राथमिक अपेक्षा बनली आहे.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साहाय्यक साधने सूचनेवरून कोड लिहून देतात आणि त्यामुळे कामाचा वेग वाढतो. तथापि, दोन केडगावे वेगळी राखायची आहेत किंवा ‘ऱ्य’चे सर्व क्रम शोधात यायला हवेत, ही गरज कोणी मांडली नाही, तर ती त्या कोडमध्ये उतरेलच याची खात्री नसते. म्हणून संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी स्थानिक नावे, जोडाक्षरे, साधा मोबाइल आणि मंद जोडणी यांवर त्याची चाचणी विकसकाने घ्यावी, आणि काम करवून घेणाऱ्या संस्थेनेही अशा चाचणीचा आग्रह करारातच धरावा.