निराधार ठरण्यासाठी किती निराधार असावे लागते?

लाडकी बहीण योजनेत वयाची अट 21 ते 65 आहे, आणि श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन 65 व्या वर्षी सुरू होते. दोन्हींत महिन्याला 1,500 रुपये मिळतात. कागदावर ही जोडणी बिनचूक दिसते. एक हप्ता थांबला की दुसरा सुरू व्हायचा. पण छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर किंवा सोयगाव तालुक्यातल्या एखाद्या बाईने पासष्टी ओलांडली की होते वेगळेच. लाडक्या बहिणीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले की चालत होते. श्रावणबाळसाठी तेच उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो, नाहीतर दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागते. ती यादी 2002 च्या सर्वेक्षणाची आहे. म्हणजे 64 व्या वर्षी जी बाई सरकारच्या लेखी गरजू होती, ती हातपाय थकल्यावर, रोजाने जाणे सुटल्यावर गरजूंच्या यादीतून बाहेर पडते.

हा कोणा एका कारकुनाचा हलगर्जीपणा नव्हे. नियमच तसे आहेत.

21 हजार रुपये वर्षाला म्हणजे महिन्याला 1,750, दिवसाला 58 रुपयांपेक्षाही कमी, आणि तेही साऱ्या कुटुंबाचे मिळून. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा मजुरीदर दिवसाला 312 रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाने 68 दिवस काम केले की कुटुंब मर्यादेबाहेर गेले. सरकारनेच हमी दिलेले 100 दिवस पुरे भरले, तर 31,200 रुपये होतात. एका खात्याने दिलेले काम प्रामाणिकपणे केले, म्हणून दुसऱ्या खात्याची मदत बंद. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने रोजगार हमी कायद्याच्या जागी 125 दिवसांचा नवा कायदा मंजूर केला. म्हणजे ही विसंगती वाढणार आहे.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेलाही हीच 21 हजारांची अट आहे. ही योजना 1980 सालची, बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री असतानाची. विधवा, परित्यक्ता, अनाथ, दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेले, अपंग अशा लोकांसाठी. तिच्या काळाकडे पाहिले तर त्यामागचा विचार चांगला ध्यानात येतो. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आकाराला आलेली रोजगार हमी 1972 च्या दुष्काळात मराठवाड्याने अंगावर झेलली होती. पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे. पुढे तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. तिथे उत्पन्नाचा दाखला मागत नव्हते. भर उन्हात खडी फोडायला जो येईल तो गरजू, एवढीच कसोटी होती, आणि पुढाऱ्याचा पुतण्या त्या कसोटीला उतरायला येत नसे. जे हात चालवू शकतात त्यांना काम आणि जे चालवू शकत नाहीत त्यांना पैसे, अशी दोन पायांवर उभी असलेली व्यवस्था महाराष्ट्राने दोनेक वर्षांच्या अंतराने उभी केली. देशात तेव्हा असे फार थोड्या ठिकाणी होते.

मग पुढे काय झाले? अनुदान वाढत गेले: 600 चे 2019 मध्ये 1,000 झाले, 2023 मध्ये 1,500. अपंगांसाठी 2025 मध्ये ते 2,500 झाले. हे चांगलेच झाले. पण 21 हजारांचा आकडा दीड दशकाहून अधिक काळ जागचा हलला नाही. अपंगांसाठी तेवढा तो 50 हजारांवर नेला. गॅस, तेल, डाळ, एसटीचे भाडे, सगळे वाढले. निराधार ठरण्याची मर्यादा मात्र तीच राहिली. मर्यादा गोठवणे ही लाभार्थी कमी करण्याची सगळ्यांत बिनबोभाट रीत आहे. कोणाचे नाव कापावे लागत नाही, मोर्चा निघत नाही, बातमी होत नाही.

त्याचा आणखी एक परिणाम होतो, जो तहसील कार्यालयाच्या आवारात बसणाऱ्या कोणालाही विचारावा. एवढ्या पैशात वर्षभर घर चालत नाही हे दाखला देणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून तलाठ्याच्या चौकशीपासून सेतू केंद्रातल्या छापील कागदापर्यंत सगळे मिळून एक आकडा लिहितात. जी बाई खरा आकडा सांगेल ती बाहेर राहील. जी ओळखीपाळखीने खाली आणलेला आकडा मिळवेल ती आत येईल, आणि कधीतरी ‘बोगस लाभार्थी शोधा’ अशी मोहीम निघाली की गुन्हेगार ठरेल. हयातीचा दाखला दरवर्षी वेगळा. त्यासाठी गावातून तालुक्याला जायचे तर एका दिवसाची मजुरी बुडते.

आता याच्या शेजारी लाडकी बहीण ठेवून पाहा. 28 जून 2024 रोजी अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि ऑगस्टच्या मध्यावर पहिले हप्ते खात्यात पडले. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक होती. घाई कशाची होती ते सांगायला नको. पण त्या घाईत सरकारने एक गोष्ट करून दाखवली: पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको, हमीपत्र पुरे, अर्ज मोबाइलवर किंवा अंगणवाडी सेविकेकडे. मनात आणले तर सरकार काही आठवड्यांत कोट्यवधी बायकांपर्यंत पोचू शकते. मग 1980 पासून तहसीलच्या पायऱ्या चढणाऱ्या विधवेलाच एवढे कागद का?

छाननी नंतर आली. महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये सुमारे 5 लाख महिला अपात्र ठरल्याचे सांगितले. त्यांत 2 लाख 30 हजार संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी होत्या आणि 65 वर्षांपुढच्या 1 लाख 10 हजार. जुलैत 26 लाख 34 हजार जणींचा लाभ स्थगित झाला. एका घरात दोहोंपेक्षा जास्त अर्ज, दुसऱ्या योजनेचा लाभ अशी कारणे होती; काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज भरले होते. दोन हजारांहून अधिक सरकारी कर्मचारी महिलाही सापडल्या. वर्तमानपत्रांनी बातम्या रंगवल्या त्या पुरुषांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या. पण संख्येकडे पाहिले तर पहिल्या यादीत सर्वांत मोठा गट निराधार बायकांचा होता. दोन ठिकाणी पैसे नकोत हे बरोबर. पण छाननीच्या चाळणीतून आधी खाली पडल्या त्या सगळ्यांत गरीब बायका, हेही तेवढेच खरे.

ई-केवायसीने तर कळस केला. स्वतःच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी करायची होती. ज्यांचे दोघेही हयात नाहीत, ज्यांना नवऱ्याने टाकले आहे, त्यांनी कोणाच्या मोबाइलवर ओटीपी मागवायचा? महिने उलटल्यावर सरकारने मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली आणि अशा बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा अशी सोय केली. परित्यक्तेकडे यांपैकी कुठलाच कागद नसतो. विधवा आणि परित्यक्ता या राज्यात आहेत हे ती रचना करणाऱ्यांच्या आधी ध्यानात आले नाही, हे नवलच म्हणायचे.

या साऱ्यातून एक गोष्ट मात्र सिद्ध झाली, आणि सुधारणेची वाट तिथूनच निघते. चारचाकी कोणाकडे आहे हे परिवहन खात्याला माहीत आहे. सरकारी पगार, नमो शेतकरीचे हप्ते, आयकर कोणाच्या नावावर आहेत हेही सरकारला माहीत आहे. म्हणजे कोण गरजू नाही हे सरकार बसल्या जागी यंत्रावर तपासू शकते. तसे असेल तर गरजू असल्याचा पुरावा गोळा करण्याचे ओझे विधवेच्या डोक्यावर ठेवण्याचे कारण उरत नाही. आधी द्यावे, नंतर आपल्याच नोंदींशी ताडून पाहावे.

दुसरी वाट उत्पन्नाचा आकडाच सोडून देण्याची. सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात 2 मे 2003 रोजी सांगितले होते की निराधार वृद्ध, एकट्या विधवा, अपंग, आदिम जमाती अशांना अंत्योदय कार्ड द्यावे. गावात विधवा कोण आहे, कोणाचे हातपाय चालत नाहीत, हे ग्रामसभेत कोणीही सांगेल. उत्पन्न मात्र कोणालाच नीट सांगता येत नाही, शेतमजुराला तर नाहीच. एन. सी. सक्सेना समितीने 2009 मध्ये दाखवले होते की देशातल्या गरिबांपैकी 61 टक्के लोकांची नावे दारिद्र्यरेषेच्या यादीत नव्हती, आणि गरीब नसलेल्यांपैकी चौथाई कुटुंबे तिच्यात होती. आपली सगळी चर्चा या दुसऱ्या चुकीभोवती फिरते. पहिल्या चुकीसाठी मोहीम निघाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

रेशनमध्येही तेच. प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा ग्रामीण भागात 44 हजार, शहरात 59 हजार. त्यावर इष्टांकाची भिंत: राज्याला 7 कोटी माणसांचा कोटा आहे आणि तो 2011 च्या जनगणनेवर बेतलेला. इष्टांक भरला असेल तर पात्र माणसालाही कोणाचे तरी नाव कमी होईपर्यंत थांबावे लागते. मराठवाड्यातील सर्व जिल्ह्यांसह 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना 2015 पासून 2-3 रुपये किलोने धान्य मिळे. ते थांबले आणि 2023 पासून धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये आले. नंतर त्यांचे 170 झाले. बाजारात तेवढ्यात किती ज्वारी येते, ते वाचकांनी मोंढ्यात जाऊन पाहावे.

आणि शेतमजूर? पीएम किसान आणि नमो शेतकरी यांचे मिळून वर्षाला 12 हजार रुपये मिळतात, पण सातबारा असेल तरच. 50 एकरवाला आत, बटईने किंवा ठोक्याने कसणारा बाहेर. आत्महत्याग्रस्त कुटुंबाच्या एक लाखाच्या मदतीतही हाच पेच आहे. जमीन कुटुंबाच्या नावावर आणि कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते. मग जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. ही रक्कम 2006 पासून एक लाखच आहे, त्यातले 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीत. ओडिशाने ‘कालिया’ योजनेत भूमिहीन कुटुंबांनाही 12,500 रुपये देऊन पाहिले. जमीन नसलेला माणूसही शेतीत राबतो हे त्यांना मान्य करता आले, आपल्याला अजून नाही.

सरकार घरी गेले तर काय दिसते, याचा अनुभव संभाजीनगरच्याच विभागीय आयुक्तालयाने घेतला आहे. सुनील केंद्रेकर आयुक्त असताना मराठवाड्यातल्या लाखो शेतकरी कुटुंबांचे दारोदार जाऊन सर्वेक्षण झाले: कर्ज, आजारपण, मुलीचे लग्न, मनातले टोकाचे विचार. पेरणीपूर्वी एकरी 10 हजार रुपये द्यावेत अशी शिफारस त्यातून पुढे आली. केंद्रेकर यांनी 2023 मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि शिफारस कागदावर राहिली. तिच्यात सातबाऱ्याचा दोष होताच. पण गरजूला तालुक्याला बोलावण्याऐवजी त्याच्या उंबऱ्यावर जाण्याची पद्धत तरी त्या सर्वेक्षणाने दाखवून दिली.

राज्याला सगळ्यांना सगळे देता येते असे नाही. कर्ज 9 लाख कोटींच्या वर गेले आहे. लाडक्या बहिणीसाठी 2025-26 मध्ये 36 हजार कोटींची तरतूद झाली आणि मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख व आदिवासी विकासचे 335 कोटी 70 लाख तिकडे वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री आणि संभाजीनगरचे पालकमंत्री संजय शिरसाट यांनी त्यावर उघड नाराजी दाखवली होती. निराधारांची योजना याच विभागाकडे आहे. तेव्हा पैसे नाहीत हे उत्तर अर्धेच; ते कोणाकडून कोणाकडे जातात, हा उरलेला अर्धा भाग.

केंद्राचा वाटाही सांगायला हवा. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 80 वर्षांखालच्या माणसामागे दिल्लीहून महिन्याला 200 रुपये येतात. हा आकडा 2007 पासून बदललेला नाही. उरलेले पैसे राज्य भरते.

उलट बाजूचे उदाहरणही इथलेच आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पूर्वी रेशनकार्डाचा रंग पाहत. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली आणि संरक्षण 5 लाखांपर्यंत गेले. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मराठवाडा आणि आसपासच्या जिल्ह्यांतून येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना आता निदान योजनेसाठी पिवळे-केशरी शोधत बसावे लागत नाही. दाखल्याची भिंत हटवता येते, आणि हटवल्यावर आभाळ कोसळत नाही.

निराधारांसाठीही हे अवघड नाही. 21 हजारांची अट कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती शासन निर्णयाने आली, अपंगांपुरती शासन निर्णयानेच बदलली, आणि विधवा व वृद्धांसाठी बदलायलाही सामाजिक न्याय विभागाचा एक शासन निर्णय पुरेसा आहे.