महाराष्ट्रातील महिलांचे स्पर्धात्मक सायकलिंग

महाराष्ट्रातील महिलांचे स्पर्धात्मक सायकलिंग हे मुख्यतः रस्ता शर्यत, ट्रॅक शर्यत आणि माउंटन बाईक या तीन शाखांत चालते. यांपैकी ट्रॅक शाखेत राज्यातील महिला खेळाडू आशियाई पदकापर्यंत पोहोचल्या आहेत. जून २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या आशियाई ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय महिला संघाने सांघिक स्प्रिंट प्रकारात कांस्यपदक मिळवले. या संघातील तीन खेळाडूंपैकी मयूरी लुटे व सुशिकला आगाशे या दोघी विदर्भातील भंडारा जिल्ह्याच्या, तर त्रियाशा पॉल ही पश्चिम बंगालची होती.

रस्ता आणि ट्रॅक

रस्ता शर्यतीची सायकल गिअर व ब्रेक असलेली असते. चढ, उतार, वारा आणि रस्त्याची स्थिती यांनुसार खेळाडू गिअर बदलतो. सामूहिक शर्यतीत पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने चालल्यास वाऱ्याचा विरोध कमी होतो व शक्ती वाचते. त्यामुळे गटात कुठे राहायचे आणि गट केव्हा सोडायचा याला महत्त्व असते. वैयक्तिक कालमापन शर्यतीत (टाइम ट्रायल) मात्र प्रत्येक खेळाडू ठरावीक अंतराने एकटा सुटतो व त्याला असा आडोसा घेता येत नाही.

ट्रॅकची सायकल याहून वेगळी असते. तिला ब्रेक नसतात व एकच स्थिर गिअर असतो. चाक फिरत असेपर्यंत पेडलही फिरत राहते, त्यामुळे पाय थांबवून सायकल नुसती धावू देता येत नाही. शर्यत व्हेलोड्रोम नावाच्या लंबवर्तुळाकार धावपट्टीवर होते. ऑलिंपिक दर्जाची धावपट्टी लाकडी व २५० मीटर लांबीची असते आणि तिची वळणे सुमारे ४२ ते ४५ अंशांनी कललेली असतात. या कलावर वेग कमी झाल्यास सायकल खाली घसरू शकते. म्हणून तोल, वेग आणि वळणावरील रेषा यांचा सराव प्रत्यक्ष ट्रॅकवरच करावा लागतो. रस्त्यावरील सरावाने ताकद व दम वाढतो, परंतु हे कौशल्य येत नाही.

ट्रॅकवरील प्रमुख प्रकार

स्प्रिंट प्रकारात पात्रता फेरीत चालत्या वेगातील २०० मीटर अंतराची वेळ नोंदवली जाते व त्यानंतर दोन खेळाडूंमध्ये समोरासमोर लढती होतात. केइरिन शर्यतीत सुरुवातीच्या फेऱ्यांत एक मोटारसायकल वेग क्रमाने वाढवत नेते आणि ती बाजूला झाल्यावर अंतिम चढाओढ सुरू होते. सांघिक स्प्रिंटमध्ये तीन खेळाडू एकापाठोपाठ तीन फेऱ्या मारतात. पहिली खेळाडू एक फेरी आघाडी सांभाळून बाहेर पडते, दुसरी दुसऱ्या फेरीनंतर बाहेर पडते आणि तिसरी अंतिम रेषा गाठते. तिचीच वेळ संघाची वेळ धरली जाते. वैयक्तिक परस्यूटमध्ये दोन खेळाडू ट्रॅकच्या समोरासमोरील बाजूंवरून एकाच वेळी सुटतात. महिलांसाठी या प्रकाराचे अंतर दीर्घकाळ ३ किलोमीटर होते. ते २०२५ पासून पुरुषांप्रमाणेच ४ किलोमीटर करण्यात आले.

जागतिक पार्श्वभूमी

महिलांच्या जागतिक अजिंक्यपद सायकल शर्यती १९५८ मध्ये सुरू झाल्या. ऑलिंपिकमध्ये महिलांची रस्ता शर्यत प्रथम १९८४ मध्ये लॉस एंजेलिस येथे, तर ट्रॅक शर्यत प्रथम १९८८ मध्ये सोल येथे झाली. सांघिक स्प्रिंटचा समावेश २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून झाला. तेव्हा महिलांच्या संघात दोनच खेळाडू असत. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्या प्रथमच तिघींच्या संघाने उतरल्या.

ट्रॅकच्या उपलब्धतेचा परिणाम युक्रेनच्या उदाहरणावरून लक्षात येतो. कीव्ह येथील व्हेलोड्रोम १९१३ मधील आहे आणि ट्रॅक सायकलिंगची परंपरा तेथे जुनी आहे. युक्रेनच्या इरिना यानोविचने २००० मध्ये सिडनी येथे स्प्रिंटमध्ये कांस्य, लेसिया कालितोव्स्काने २००८ मध्ये बीजिंग येथे वैयक्तिक परस्यूटमध्ये कांस्य, तर ओलेना स्तारिकोवाने टोकियो २०२० स्पर्धेत स्प्रिंटमध्ये रौप्यपदक मिळवले. रस्त्यावरील वैयक्तिक कालमापन शर्यतीत हान्ना सोलोवेय २०१४ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दुसरी आली. भारताच्या सायकलपटूंनी १९४८ ते १९६४ या काळात ऑलिंपिकमध्ये भाग घेतला होता, मात्र २०२४ पर्यंत एकही भारतीय महिला सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरलेली नाही.

महाराष्ट्रातील खेळाडू

राज्यात सायकल शर्यतीची परंपरा रस्त्यावर वाढली. बोरघाटातून जाणारी मुंबई–पुणे शर्यत हे तिचे सर्वांत परिचित रूप असून घाटात सर्वांत पुढे असणाऱ्या स्पर्धकास ‘घाटाचा राजा’ म्हटले जाते.

महिलांमध्ये मयूरी लुटे व सुशिकला आगाशे या कमी अंतराच्या वेगवान प्रकारांतील खेळाडू आहेत. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेतही या दोघी त्रियाशा पॉलसह भारतीय संघात होत्या. त्या स्पर्धेतील ट्रॅक शर्यती लंडन येथील व्हेलोड्रोमवर झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील पूजा दानोळे हिने रस्ता व ट्रॅक या दोन्ही शाखांत भाग घेऊन खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली. अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेरची प्रणिता सोमण माउंटन बाईक शाखेतील राष्ट्रीय विजेती आहे. या चौघीही मुंबई–पुण्याबाहेरच्या आहेत.

सुविधा आणि अंतर

महाराष्ट्रात पुण्याजवळील बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात व्हेलोड्रोम आहे. ते उघड्यावरील व काँक्रीटचे असल्याने पावसाळ्यात सरावावर मर्यादा येतात. आंतरराष्ट्रीय दर्जाचे बंदिस्त लाकडी व्हेलोड्रोम दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी उभारण्यात आले. त्यामुळे गुजरातमध्ये झालेल्या २०२२ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतील आणि मध्य प्रदेशात २०२३ मध्ये झालेल्या खेलो इंडिया युवा क्रीडा स्पर्धेतील ट्रॅक सायकलिंगचे सामने दिल्लीत घ्यावे लागले.

ग्रामीण भागातील मुलींना सायकल अपरिचित नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमांतर्गत निवडक मागास तालुक्यांत इयत्ता आठवी ते बारावीच्या गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. या योजनेचा हेतू मुलींची शाळागळती थांबवणे हा आहे. शर्यतीचे खेळाडू घडवणे हा नाही. शाळेची सायकल आणि कार्बन सांगाड्याची शर्यतीची सायकल यांच्या किमतीत मोठी तफावत असते. त्याशिवाय प्रशिक्षक, वसतिगृह, आहार आणि ट्रॅकवरील नियमित सराव यांची गरज लागते.

बीड जिल्ह्यातील शिरूर कासारसारख्या तालुक्यातील मुलीला ट्रॅकची ओळख घरापासून दूर गेल्याशिवाय होत नाही. याच जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात दाखल झाल्यानंतर ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक विजेता ठरला. धावण्याची पायाभूत तयारी मोकळ्या रस्त्यावरही होऊ शकते. ट्रॅक सायकलिंगमध्ये तशी सोय नाही. म्हणूनच या खेळात शारीरिक क्षमता लवकर ओळखली जाणे आणि खेळाडूला व्हेलोड्रोमजवळ राहून सराव करता येणे या दोन बाबी कारकिर्दीच्या दृष्टीने निर्णायक ठरतात.