नोंदीतले पणजोबा, नोंदीबाहेरची पणजी

2023 साली सरकारने कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली आणि आमच्या नांदेड-लातूरकडे निजामकाळातले मोडी-उर्दू कागद धूळ झटकून बाहेर आले. माझी हयात बँकेत कागद तपासण्यात गेली, म्हणून गल्लीतली पोरं नकला घेऊन माझ्याकडे येतात. परवा एकजण उड्या मारतच आला. "काका, पणजोबा सापडले!" मी सहज विचारलं, "आणि पणजी?" पोरगा गप्प.

त्यावरून एक बडं घराणं आठवलं. लातूर जिल्हा 1982 साली उस्मानाबादेतून, म्हणजे आताच्या धाराशिवातून निघाला. त्याही आधी तिकडचा जिल्हा होता नळदुर्ग. 1853 साली निजामाने तो इंग्रजांच्या हवाली केला आणि कारभार पाहायला आला फिलिप मेडोज टेलर. ठगाच्या कबुलीजबाबावर कादंबरी लिहिणारा तोच हा टेलर. त्याची बायको मेरी ही हैदराबादच्या विल्यम पामरची मुलगी.

पामर पेढीवाला. निजामाला कर्ज देण्याची खास परवानगी त्याने 1816 साली गव्हर्नर जनरलकडून मिळवली. 1820 सालचं एकच कर्ज 60 लाखांचं! अशा कर्जांची फेड जिल्ह्यांच्या वसुलातून, म्हणजे हप्ता भरणार शेवटी कुणबीच. रेसिडेंट मेटकाफने हे प्रकरण उकरून काढलं. 1823 साली निजामाने उत्तर सरकार प्रांताच्या पेशकशीवरचा हक्क 1 कोटी 16 लाखांवर सोडून देणं भागवलं आणि पुढच्याच वर्षी पेढी बुडाली.

या व्यवहाराचे कागद ढिगाने आहेत. पण पामरची आई? वडील जनरल पामर पेशव्यांच्या पुण्यात 1798 ते 1801 रेसिडेंट होते. आई बीबी फैजबख्श, मुसलमान घरातली. पेढीच्या जमाखर्चात ती कुठून असणार? मला ती भेटली दोन ठिकाणी. एक, 1785 च्या सुमाराचं कुटुंबाचं चित्र; त्यात ती मुलांसह मधोमध बसली आहे. दुसरं, जनरलचं मृत्युपत्र. पस्तीसहून अधिक वर्षांची जिवाभावाची सोबतीण, असा तिचा नावानिशी उल्लेख त्याने केला. टेलरच्या मुलांची पणजी ती हीच.

सरकारी दप्तर सारा, कर्ज आणि जात नोंदवतं. सोबत नोंदवायला माणसालाच लेखणी उचलावी लागते.

मी त्या पोराला म्हटलं, "दाखल्याला पणजोबा पुरेत. पण आजी आहे तोवर पणजीचं नाव आणि माहेरचं गाव विचारून घे. याच नकलेच्या पाठीवर लिहून ठेव."

तो गेला. त्याला हे सांगण्याचा मला काय अधिकार? माझ्या पणजीचं नाव माझ्या आत्याला ठाऊक होतं. विचारीन विचारीन म्हणत होतो. ती वारली मार्चअखेरीस, आणि मी तेव्हा शाखेचा ताळेबंद जुळवत होतो. तो पैशापर्यंत जुळला.