मोठ्या संगणकाचे मोजमाप : नमुन्याची पद्धती आणि साधनांवरील देखरेख

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात मुळा धरणाच्या उजव्या कालव्याचे पाणी येते. कालव्यातून किती पाणी वाहते हे ठरविण्यासाठी मोजपट्टीवरील पातळी ठराविक वेळी वाचून वहीत नोंदविण्याची रीत जुनी आहे. अधूनमधून घेतलेल्या अशा नोंदींवरून संपूर्ण दिवसाचा अंदाज बांधला जातो. मात्र दोन नोंदींच्या मधल्या काळात एखादे दार उघडून पुन्हा बंद झाले, तर त्याची खूण वहीत राहत नाही. मोठ्या संगणकाच्या, म्हणजे मेनफ्रेमच्या, कामगिरीचे मोजमापही बऱ्याच अंशी याच तत्त्वावर चालते.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, तेव्हा देशातील अनेक संस्थांचे संशोधक त्याच्यावर आपली कामे करून घेत. यंत्र एक आणि कामे अनेक, म्हणजे रांग आलीच. रांग कोठे लागते आणि का लागते, हे शोधणे हाच मोजमापाचा खरा हेतू होय. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. अशा सेवांचे संगणक मेनफ्रेमहून वेगळ्या घडणीचे असले, तरी उतारा निघण्यास विलंब झाला की "सर्व्हर संथ आहे" एवढेच उत्तर नेवाशाच्या खातेदाराला मिळते. ते उत्तर पुरेसे नाही.

मोजणी आणि नमुना

मेनफ्रेमवरील माहिती दोन प्रकारांनी गोळा होते. पहिला प्रकार मोजणीचा. डिस्कवर किती वेळा वाचन-लेखन झाले, त्यात किती वेळ गेला, याची नोंद यंत्रणा स्वतः अखंड ठेवते. दुसरा प्रकार नमुन्याचा. एखाद्या साधनापुढे किती कामे ताटकळत आहेत, हे ठराविक क्षणी डोकावून पाहिले जाते.

आयबीएमच्या मेनफ्रेमवर हे काम आरएमएफ नावाची प्रणाली करते. तिला दोन कालावधी ठरवून द्यावे लागतात. एक, किती वेळाने डोकावावे. आणि दुसरा, किती वेळाने गोषवारा लिहावा. वेगळी सूचना दिली नाही, तर ती दर सेकंदाला एक नमुना घेते आणि दर ३० मिनिटांनी गोषवारा लिहिते. म्हणजे एका गोषवाऱ्यामागे १,८०० नमुने असतात. त्यांपैकी ४५० वेळा रांग आढळली, तर २५ टक्के वेळ रांग होती असे अनुमान निघते. नमुने परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर या अनुमानात सुमारे २ टक्क्यांची कमीअधिक चूक संभवते.

सरासरीचा धोका

एखादी डिस्क २५ मिनिटे २८ टक्के आणि उरलेली ५ मिनिटे १०० टक्के व्यग्र होती असे समजू. अर्ध्या तासाच्या गोषवाऱ्यात ४० टक्के हा आकडा येईल आणि पाहणाऱ्यास सर्व काही आलबेल वाटेल. प्रत्यक्षात त्या ५ मिनिटांत लोक खोळंबलेले असतात. गोषवारा दर ५ मिनिटांनी घेतला तर ही अडचण उघड होते.

परंतु त्यासाठीही किंमत मोजावी लागते. दिवसाच्या ४८ गोषवाऱ्यांऐवजी २८८ साठवावे लागतात. शिवाय प्रत्येकामागे ३०० च नमुने उरल्याने वरील उदाहरणातील चूक सुमारे ५ टक्क्यांवर जाते. नमुने अधिक वेगाने घ्यावेत, तर मोजण्याच्या कामातच यंत्राची शक्ती खर्ची पडते. यास्तव नेहमीसाठी लांब कालावधी ठेवून, तक्रार असलेल्या काळापुरता तो आखूड करणे श्रेयस्कर ठरते. आणखी एक दक्षता आवश्यक आहे. एखादे काम बरोबर दर सेकंदाला, परंतु नमुना घेऊन झाल्यावर लगेच जागे होऊन संपत असेल, तर ते नमुन्यात कधीच सापडत नाही.

कोणत्या साधनांवर लक्ष ठेवावे?

मोठ्या संगणकाला शेकडो साधने जोडलेली असू शकतात. सर्वांची सविस्तर नोंद ठेवल्यास कागदांचा ढीग वाढतो आणि उपयोगाचा आकडा त्यात हरवतो. म्हणून आरएमएफ आपणहून केवळ डिस्कची नोंद घेते; चुंबकीय फिती, मुद्रक इत्यादींची नोंद हवी असल्यास तशी सूचना द्यावी लागते.

डिस्कच्या प्रतिसादाचा काळ चार भागांत विभागून दाखविला जातो : संगणकाच्या आतील रांगेत गेलेला वेळ, मार्ग वा नियंत्रक मोकळा होईपर्यंतचा वेळ, माहिती डिस्कवरून हाती येईपर्यंतचा वेळ, आणि प्रत्यक्ष देवाणघेवाणीचा वेळ. या विभागणीमुळेच उपाय कोठे करावयाचा ते कळते. पहिला भाग मोठा असेल, तर एकाच डिस्कवर फार कामे लोटली गेली आहेत. काही फायली दुसरीकडे हलविल्याने काम भागू शकते. दुसरा भाग मोठा असेल, तर मार्गांची वाटणी तपासावी लागते. कारण न पाहता नवे यंत्र खरेदी केल्यास पैसा खर्च होतो आणि रांग तशीच राहते.

व्यग्रता आणि विलंब यांचे नाते सरळ नसते, हेही ध्यानात घ्यावे. कामे अनियमितपणे येत असतील आणि त्यांना लागणारा वेळही कमीअधिक असेल, तर रांगेच्या साध्या सूत्राप्रमाणे १० मिलिसेकंदांच्या कामास ५० टक्के व्यग्रतेवर सरासरी २० मिलिसेकंद लागतात. ८० टक्क्यांवर ५०, आणि ९० टक्क्यांवर १००. शेवटच्या १० टक्क्यांच्या वाढीने विलंब दुप्पट होतो.

संगणकाविषयीचा अहवाल समोर आल्यावर अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. हा आकडा किती वेळाची सरासरी आहे? त्यामागे किती नमुने आहेत? आणि वेळ कामात गेला की वाट पाहण्यात? या प्रश्नांसाठी यंत्रशास्त्राचे ज्ञान लागत नाही. त्यांची उत्तरे लेखी मागितली, तर सार्वजनिक पैसा योग्य ठिकाणी खर्च होईल आणि खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाचा खोळंबाही कमी होईल.